अध्यापनाचे मोल आणि मोजमाप

महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तारीख जवळ आली की त्या संस्थेत काही महिने एक वेगळीच लगबग सुरू होते. भिंतींना रंग लागतो, फलक नवे होतात, गेल्या पाच वर्षांतील कार्यक्रमांची छायाचित्रे शोधून क्रमवार लावली जातात आणि कपाटे धारिकांनी भरू लागतात. प्राध्यापकवर्ग तास सांभाळून आणि प्रसंगी तास सोडूनही तक्ते भरत बसतो. समिती येते, पाहते, विचारते आणि जाते. यथावकाश श्रेणी जाहीर होते. श्रेणी चांगली मिळाली तर प्रवेशद्वारावर तिचा फलक लागतो. हे चित्र महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याचे असू शकते आणि भंडारा जिल्हाही त्याला अपवाद नाही.

तथापि या सर्व धारिकांत एका साध्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच सापडते. प्रथम वर्षाच्या वर्गात जो विद्यार्थी जुलै महिन्यात येऊन बसला, त्याला वर्षाअखेरीस असे काय कळू लागले, जे त्यापूर्वी कळत नव्हते? आणि जे कळले ते वर्गातील अध्यापनामुळे कळले, की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात विकत घेतलेल्या गाईडमुळे? उच्च शिक्षणावर शासन खर्च करते, पालक खर्च करतात, तरुण आपल्या आयुष्याची तीन-चार वर्षे देतात. त्या खर्चाचे फळ काय, हे पाहण्याची कोणतीही पद्धतशीर व्यवस्था आपल्याकडे रुजलेली नाही. शिकवणे कसे सुधारते आणि सुधारले की नाही हे कसे ओळखावे, या विषयावर जगात गेली शंभर वर्षे संशोधन होत आले आहे. त्यातील फारच थोडे आपल्या वर्गापर्यंत पोहोचले. ते का पोहोचावयास हवे आणि भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात कसे पोहोचू शकेल, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

जिल्ह्याचे वास्तव

१ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा जिल्ह्यात भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख आणि साक्षरता ८३ टक्क्यांहून अधिक होती. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा आणि माजी मालगुजारी तलावांचा. भंडाऱ्याची पितळेची भांडी, तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी आणि जवाहरनगरचा आयुधनिर्माणी कारखाना यांनी जिल्ह्याला काही ओळख दिली; पण बहुसंख्य घरांचा संसार आजही बांधीतल्या पिकावर अवलंबून आहे.

अशा जिल्ह्यात उच्च शिक्षण आले ते प्रामुख्याने खासगी शिक्षणसंस्थांच्या पुढाकाराने. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढील काळात या परिसरात महाविद्यालयांचे जाळे उभे राहिले. आज भंडारा, तुमसर, साकोली, लाखनी अशा गावांतील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या आणि २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विस्ताराने एक मोठे सामाजिक कार्य केले. ज्या घरात कोणी दहावीपलीकडे गेले नव्हते, त्या घरातील मुली एस.टी.ने तालुक्याच्या गावी येऊन पदवीधर होऊ लागल्या. या उपलब्धीला कमी लेखणे अन्यायाचे होईल.

परंतु घरात शिक्षणाची पहिलीच पिढी असेल, तर वर्गातील अध्यापनावरचा भार कितीतरी पटींनी वाढतो. शहरातील सुशिक्षित कुटुंबातील विद्यार्थ्याला वर्गात न कळलेले घरी विचारता येते, शिकवणी लावता येते, इंग्रजी पुस्तक धुंडाळता येते. लाखांदूर किंवा मोहाडीच्या खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर असा आधार नसतो. त्याच्या बाबतीत चांगले आणि वाईट अध्यापन यांतील अंतर हेच शिक्षण मिळणे आणि न मिळणे यांतील अंतर ठरते. त्यातही सत्र सुरू होते तेच रोवणीच्या हंगामात. घरची रोवणी किंवा दुसऱ्याच्या बांधीतील मजुरी यांमुळे पहिले काही आठवडे अनेक विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, वर्गात येऊ शकत नाहीत. ते येतात तेव्हा विषयाचा पाया घालून झालेला असतो.

दुसरीकडे, शिकवणाऱ्यांची स्थितीही समाधानकारक नाही. राज्यभर अनुदानित महाविद्यालयांतील मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहिली आणि ते काम तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर सोपविण्यात आले. पदव्युत्तर पदवी, नेट-सेट, प्रसंगी पीएच.डी. असलेला तरुण तासागणिक मानधनावर शिकवतो आणि सुटीच्या महिन्यांत त्याचे उत्पन्न थांबते. अध्यापनाच्या गुणवत्तेची कोणतीही चर्चा या वस्तुस्थितीला बगल देऊन करता येणार नाही.

मोजले काय, सुटले काय

अध्यापनाच्या दर्जाविषयी स्वतंत्र भारतात चिंता व्यक्त झाली नाही असे नव्हे. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षापद्धतीची, अशा आशयाचा अभिप्राय दिला होता. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे मराठी भूमीतील शिक्षणतज्ज्ञ. समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणाचा मेळ भारतीय शिक्षणाला साधत नाही, हे दुखणे त्यांनी १९७५ साली एका ग्रंथात नेमके मांडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७३ साली परीक्षासुधारणेचा कृतिआराखडा प्रसिद्ध केला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली आणि १९९४ साली राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच ‘नॅक’, अस्तित्वात आली. नॅकच्या सात निकषांपैकी ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ हा एक निकष आहे आणि २०१७ च्या सुधारित आराखड्यात संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण एक हजार गुणांपैकी ३५० गुण त्याला दिलेले होते. संशोधनाच्या निकषाला त्याच्या एकतृतीयांशाइतकेच. कागदावर पाहिले तर अध्यापनाला याहून अधिक मान कोणता द्यावा?

अडचण आहे ती मान कशाच्या आधारे द्यावयाचा याची. वर्गात किती विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक, किती अध्यापक पीएच.डी.धारक, किती जण संगणकीय साधने वापरतात, निकाल किती टक्के, हे सर्व मोजता येते म्हणून मोजले जाते. विद्यार्थ्याच्या समजुतीत पडलेली भर मोजणे कठीण, म्हणून ती गृहीत धरली जाते. प्राध्यापकांच्या पदोन्नतीतही हेच घडले. २०१० च्या नियमावलीने गुणांकांची पद्धत आणली. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण, पुस्तकाला गुण. परिणाम काय झाला? पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके देशभर उगवली. पुण्याच्या भूषण पटवर्धन यांच्यासह काही अभ्यासकांनी २०१८ साली आयोगाच्या मान्य सूचीतील, विद्यापीठांनी सुचविलेल्या एक हजारांहून अधिक नियतकालिकांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के नियतकालिके कसोटीस उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांहून अधिक नियतकालिके आपल्या सूचीतून वगळली. २०१८ च्या नव्या नियमावलीने गुणांकांचे स्तोम कमी केले हे खरे. पण महाविद्यालयीन अध्यापकाच्या अध्यापनाची प्रतवारी तिने कशावर ठरविली? नेमून दिलेल्या तासांपैकी किती टक्के तास घेतले यावर. ८० टक्के वा अधिक घेतले तर ‘चांगले’, ७० ते ८० टक्के घेतले तर ‘समाधानकारक’. त्या तासांत काय घडले, हा प्रश्न नियमावलीच्या कक्षेबाहेर राहिला.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. बेंट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिल्ग्रोम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली एका निबंधात याची मीमांसा केली; पुढे दोघेही नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. एकाच माणसाकडे अनेक कामे असतील, त्यांपैकी काही सहज मोजता येण्याजोगी आणि काही न येण्याजोगी असतील, आणि मोबदला केवळ मोजलेल्या कामाला जोडला, तर त्या माणसाचे कष्ट न मोजलेल्या कामाकडून मोजलेल्या कामाकडे वळतात, हे त्यांचे प्रतिपादन. शिक्षकाचे उदाहरण त्यांनी स्वतःच घेतले होते. शोधनिबंधाची संख्या मोजली की निबंध वाढतात; तास मोजले की तासांची नोंद वाढते; धारिका मोजल्या की धारिका वाढतात. यात व्यक्तीच्या नीतिमत्तेपेक्षा व्यवस्थेच्या रचनेचा भाग मोठा आहे. आणि श्रेणीवर प्रतिष्ठा, प्रवेश व अनुदान अवलंबून राहिले की मूल्यांकनच भ्रष्ट होण्याचा धोका संभवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेच्या मूल्यांकनाच्या संदर्भात लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी समितीच्या सदस्यांना अटक केली, ती घटना या दृष्टीने बोलकी आहे.

विद्यार्थ्यांचे मत

मग अध्यापनाचा दर्जा विद्यार्थ्यांनाच का विचारू नये? हा विचार स्वाभाविक आहे आणि जुनाही आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२०च्या दशकातच विद्यार्थ्यांकडून अध्यापकांची गुणवारी घेण्याची प्रश्नावली सिद्ध केली. आपल्याकडेही नॅकने २०१७ पासून विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण सुरू केले आणि महाविद्यालये स्वतःच्या पातळीवर वर्षाअखेरीस अभिप्रायाचे अर्ज भरून घेऊ लागली. परंतु या साधनाच्या मर्यादा संशोधनाने पुरेशा स्पष्ट केल्या आहेत.

या संदर्भात १९७० साली झालेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका अभिनेत्याला गणिती खेळ-सिद्धान्त आणि वैद्यकीय शिक्षण या विषयावर व्याख्यान देण्यास उभे करण्यात आले. विषयाचे त्याला ज्ञान नव्हते. परस्परविरोधी विधाने, विनोद आणि निरर्थक संदर्भ यांची त्याने खुबीने पेरणी केली. समोर बसलेले श्रोते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षक होते. त्यांनी व्याख्यानाला उत्तम अभिप्राय दिला. वक्तृत्वाला विद्वत्ता समजण्याची चूक जाणकारांकडूनही होते, एवढा बोध त्यातून निघाला.

त्यानंतर अधिक काटेकोर अभ्यास झाले. पीटर कोहेन यांनी १९८१ साली तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ज्या अध्यापकांना विद्यार्थी अधिक गुण देतात, त्यांचे विद्यार्थी परीक्षेतही बऱ्यापैकी अधिक गुण मिळवतात, असे त्यांना आढळले. पुढे २०१७ साली बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी हेच गणित लहान नमुन्यांचा दोष वगळून पुन्हा मांडले, तेव्हा तो संबंध जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांत विचारप्रवर्तक अभ्यास २०१० साली स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. अमेरिकी हवाईदलाच्या अकादमीत विद्यार्थी कोणत्या अध्यापकाच्या वर्गात जाणार हे त्यांच्या निवडीवर सोडले जात नाही. अभ्यासक्रम आणि परीक्षाही सर्वांना एकच असते. दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, ज्या अध्यापकांचे विद्यार्थी त्या सत्राच्या परीक्षेत चमकले त्यांना विद्यार्थ्यांचे अभिप्रायही चांगले मिळाले. पण पुढच्या वर्षीच्या, त्याच विषयावर आधारलेल्या अभ्यासक्रमात हेच विद्यार्थी मागे पडले. उलट ज्या अनुभवी अध्यापकांनी विषय खोलवर नेला, त्यांना अभिप्रायात कमी गुण मिळाले आणि त्यांचे विद्यार्थी पुढे टिकले. परीक्षेपुरते शिकवणे आणि विषय शिकवणे यांतील भेद इतक्या स्पष्टपणे क्वचितच आकड्यांत पकडला गेला असेल.

याखेरीज पूर्वग्रहाचाही प्रश्न आहे. एकाच दर्जाच्या अध्यापनाला स्त्री-अध्यापकाचे नाव असेल तर कमी गुण मिळतात, असे काही अभ्यासांत आढळले. आपल्या समाजात लिंगाबरोबर जात, बोली आणि घराण्याचे वजन यांचाही त्यात शिरकाव होईल, हे सांगण्यास संशोधनाची गरज नाही. म्हणून विद्यार्थ्यांचे मत घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो का, तास वेळेवर होतो का, शंका विचारण्याची मोकळीक आहे का, या गोष्टी विद्यार्थ्यांइतक्या कोणालाच ठाऊक नसतात. त्या त्यांना जरूर विचाराव्यात. मात्र आपण किती शिकलो, याचा निवाडा त्यांच्या समाधानावरून करू नये.

व्याख्या पाठ, संकल्पना कच्ची

शिकणे मोजण्याचा अधिक सरळ मार्ग म्हणजे सत्राच्या आरंभी आणि अखेरीस संकल्पनांवरील तेच प्रश्न विचारणे. भौतिकशास्त्रात अमेरिकेत १९९२ साली बल आणि गती यांवरील अशी एक चाचणी तयार झाली. प्रश्न दिसावयास सोपे होते, गणिताची आकडेमोड नव्हती. तरीही नामांकित विद्यापीठांतील, सूत्रे बिनचूक वापरणारे विद्यार्थी त्यांत अडखळले. हार्वर्डचे एरिक माझूर यांनी अशाच अनुभवातून आपली व्याख्यानपद्धती बदलली. थोडे शिकवावयाचे, एक प्रश्न टाकावयाचा, विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालू द्यावयाचा आणि मग पुढे जावयाचे. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा विद्यार्थ्यांना सहभागी करून घेणाऱ्या वर्गांतील प्रगती केवळ व्याख्यान होणाऱ्या वर्गांच्या सुमारे दुप्पट निघाली. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातील २२५ अभ्यासांचा आढावा घेतला. व्याख्यानप्रधान वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी अनुत्तीर्ण होत होते. सहभागप्रधान वर्गांत हे प्रमाण २२ टक्क्यांवर आले. आणि २०१९ साली हार्वर्डमध्येच असे दिसले की, अशा वर्गांत विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकतात, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटते. कारण विचार करण्यास कष्ट पडतात आणि ओघवते व्याख्यान ऐकताना सर्व समजल्याचा भास होतो.

हा भास केवळ विद्यार्थ्यांपुरता मर्यादित नाही. अर्थशास्त्रातील ‘संधी परिव्यय’ ही संकल्पना प्रथम वर्षाच्या पहिल्याच प्रकरणात येते. पॉल फेरारो आणि लॉरा टेलर यांनी २००५ साली अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात तिच्यावर एक साधा, चार पर्यायी उत्तरांचा प्रश्न १९९ जणांना विचारला. बरोबर उत्तर देणारे २२ टक्क्यांहून कमी निघाले. डोळे मिटून खूण केली असती तरी २५ टक्के बरोबर आले असते. व्याख्या पाठ असणे आणि संकल्पना कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यास याहून चांगला पुरावा शोधावा लागू नये.

हाच प्रश्न भंडाऱ्याच्या वर्गात आणून पाहावा. एक शेतकरी स्वतःच्या मालकीच्या बांधीत धान पिकवतो. त्याला कोणाला खंड द्यावा लागत नाही. घरचीच माणसे राबतात म्हणून मजुरीही थोडीच द्यावी लागते. मग त्याच्या धानाच्या उत्पादनखर्चात जमिनीचा आणि घरच्या श्रमाचा खर्च धरावा की नाही? ज्याने संधी परिव्ययाची व्याख्या घोकून उत्तरपत्रिकेत उतरवली, तोही ‘खंड दिलाच नाही, म्हणून खर्च शून्य’ असे उत्तर देण्याचा संभव असतो. पण हाच प्रश्न कृषिमूल्य आयोगाच्या हिशेबात खर्चाच्या वेगवेगळ्या व्याख्यांच्या रूपाने उभा राहतो. प्रत्यक्ष खर्चात घरच्या श्रमाचे मूल्य मिळवले तर एक आकडा येतो; त्यात स्वतःच्या जमिनीचा संभाव्य खंड आणि भांडवलावरील व्याज धरले तर ‘सी-२’ नावाचा दुसरा, मोठा आकडा येतो. हमीभाव कोणत्या खर्चावर ठरावा, हा देशभरच्या शेतकरी आंदोलनांचा वाद याच दोन आकड्यांमधला आहे. ज्या विद्यार्थ्याला ही संकल्पना खरोखर कळली, त्याला आपल्या घरच्या धानाचा हिशेब कळला. ज्याने ती केवळ पाठ केली, त्याच्या हाती गुणपत्रिका आली. हिशेब दुसरेच कोणीतरी करीत राहिले. अध्यापनाच्या मूल्यमापनात खरोखर पणाला लागलेले आहे ते हे.

सात तालुक्यांची प्रयोगशाळा

अशा प्रकारचे संशोधन करण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांनी मनावर घेतले तर पुढच्याच सत्रापासून काही गोष्टी सुरू करता येतील.

पहिली गोष्ट म्हणजे विषयवार संकल्पना-चाचणी. अर्थशास्त्रापुरते बोलावयाचे तर अमेरिकेत महाविद्यालयीन अर्थशास्त्राच्या आकलनाची प्रमाणित चाचणी १९६८ पासून उपलब्ध आहे. आपल्याला तिचे भाषांतर नको. मराठी माध्यमात शिकणाऱ्या, धानपट्ट्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुभवावर बेतलेली पंधरा-वीस प्रश्नांची चाचणी हवी. सातही तालुक्यांतील त्या विषयाचे अध्यापक एकत्र बसले तर ती दोन-तीन बैठकांत सिद्ध होईल. सत्राच्या आरंभी आणि अखेरीस ती घ्यावी, तिला गुण नसावेत आणि विद्यार्थ्याचे नावही नसावे; दोन उत्तरपत्रिका जुळवण्यापुरता एखादा क्रमांक पुरे. रोवणीमुळे उशिरा येणाऱ्यांची चाचणी ते येतील तेव्हा घ्यावी आणि त्यांची नोंद वेगळी ठेवावी. गैरहजेरीने किती नुकसान होते, याचा अंदाजही त्यातूनच येईल आणि पहिल्या प्रकरणाची उजळणी ऑगस्टअखेरीस ठेवावी काय, हे अनुमानाऐवजी पुराव्याने ठरवता येईल.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. तास संपण्यापूर्वी एक-दोन मिनिटे राखून विद्यार्थ्यांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्यात: आज काय कळले आणि काय कळले नाही. पुढचा तास त्या चिठ्ठ्यांपासून सुरू व्हावा. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत ही रीत रुळली आहे. शंभर जणांच्या वर्गात ज्याला उभे राहून शंका विचारण्याचा संकोच वाटतो, अशा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ही चिठ्ठी वाचा देते.

तिसरी गोष्ट म्हणजे तुलना. एका संकल्पनेसाठी काही महाविद्यालयांनी प्रश्न-चर्चेची पद्धत अवलंबावी, इतरांनी नेहमीप्रमाणे शिकवावे, पुढच्या संकल्पनेसाठी अदलाबदल करावी. कोणी कोणती पद्धत घ्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. एका महाविद्यालयातील साठ विद्यार्थ्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. सात तालुक्यांतील विद्यार्थी एकत्र धरले तर त्याला वजन येते. मराठी अर्थशास्त्र परिषदेसारख्या संस्थांच्या अधिवेशनांत अशा निष्कर्षांवर चर्चा होऊ शकेल आणि इतर विषयांच्या परिषदांनाही हेच करता येईल.

चौथी गोष्ट विद्यापीठाने करावयाची आहे. अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० साली अध्यापनाचा पद्धतशीर अभ्यास हाही विद्वत्तेचाच एक प्रकार मानावा असे आग्रहाने प्रतिपादन केले आणि त्यानंतर अनेक देशांत तसे मानले जाऊ लागले. आपल्याकडे मात्र आपल्याच वर्गाचा अभ्यास करणाऱ्या अध्यापकाचे काम संशोधन म्हणून गणले जाणे कठीण. कोठेतरी पैसे भरून छापलेला निबंध गणला जाणे सोपे. नागपूर विद्यापीठाने १९२३ पासूनच्या आपल्या परंपरेला साजेसे पाऊल उचलून अशा अभ्यासांना मान्यता दिली, तर तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अध्यापकाला संशोधनासाठी दूरचा विषय शोधत हिंडावे लागणार नाही. त्याचा विषय रोज सकाळी त्याच्या समोर बाकांवर येऊन बसतो.

शंका आणि अटी

यावर काही आक्षेप निश्चित येतील आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजेत. आधीच तक्ते भरून थकलेल्या अध्यापकावर आणखी एक तक्ता लादला जाईल, अशी भीती रास्त आहे. ती टाळावयाची तर नवे काही सुरू करताना जुने काही बंद झाले पाहिजे. कोणीही न वाचणारे अहवाल मागवणे विद्यापीठाने आणि शासनाने कमी करावे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत श्रेयांक, अनेक विषयगट आणि अंतर्गत मूल्यमापन यांची भर पडली आहे. त्या अंतर्गत मूल्यमापनाचे गुण सढळ हाताने वाटण्याऐवजी त्याचा काही भाग खऱ्या आकलनाच्या तपासणीकडे वळवता येईल.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. आज सुधारणेसाठी म्हणून घेतलेल्या चाचणीचे आकडे उद्या वेतनवाढ रोखण्यासाठी वापरले जाणार नाहीत कशावरून? ते तसे वापरले गेले, तर होल्मस्ट्रॉम आणि मिल्ग्रोम यांनी सांगितले तेच घडेल. अध्यापक चाचणीपुरते शिकवतील, चाचणीचे प्रश्न फळ्यावर लिहून देतील आणि आणखी एक आकडा खोटा होईल. म्हणून सुधारणेसाठीचे मूल्यमापन आणि पदोन्नतीसाठीचे मूल्यमापन यांच्यात भिंत असली पाहिजे. चाचणीचे निष्कर्ष त्या अध्यापकाला आणि त्याच्या विषयगटाला कळावेत; संस्थेला एकत्रित चित्र मिळावे; व्यक्तीच्या सेवापुस्तकात त्याची नोंद जाऊ नये. विश्वासाशिवाय खरा आकडा मिळत नाही, हे जनगणनेपासून पीकपाहणीपर्यंत सर्वत्र लागू असलेले सत्य येथेही लागू आहे.

तिसरी अट शासनाने पाळावयाची आहे. ज्याला केवळ तासाचे मानधन मिळते, त्याच्याकडून चिठ्ठ्या वाचण्याची, चाचण्या तपासण्याची आणि सहकाऱ्यांबरोबर प्रश्न तयार करण्याची अपेक्षा कोणत्या अधिकाराने करावयाची? तासाचे पैसे दिले तर तास मिळतो; अध्यापन त्याहून मोठे असते. ज्या अध्यापकाला पुढच्या वर्षी आपण या महाविद्यालयात असू की नाही हेच ठाऊक नाही, त्याच्याकडून पुढच्या वर्षीच्या वर्गात सुधारणा कशी व्हावी? रिक्त पदे नियमितपणे भरणे हा अध्यापन-सुधारणेचा सर्वांत महागडा, पण अपरिहार्य भाग आहे. तो टाळून केवळ मूल्यांकनाच्या नव्या योजना आणणे म्हणजे बांधीत पाणी न सोडता रोवणीचा मुहूर्त काढण्यासारखे आहे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना शेतकऱ्याच्या घामातून जमणाऱ्या महसुलाचा विनियोग कोणाच्या शिक्षणावर होतो आणि त्या शिक्षणाचा व्यवहारात उपयोग किती, हे दोन्ही प्रश्न विचारले होते. शेतकऱ्यांची मुले महाविद्यालयात येऊ लागली, तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळाले. दुसऱ्याचे अद्याप मिळावयाचे आहे. भिंतींचा रंग, धारिकांची जाडी आणि प्रवेशद्वारावरील श्रेणी यांतून ते मिळणार नाही. सत्राच्या आरंभी विचारलेला एखादा साधा प्रश्न सत्राच्या अखेरीस पुन्हा विचारण्याचे आणि येईल ते उत्तर स्वीकारण्याचे धैर्य महाविद्यालयांनी दाखवले, तर ते मिळण्यास प्रारंभ होईल. पहिली काही वर्षे ती उत्तरे सुखद नसतील. पण आपले विद्यार्थी किती शिकतात हे जिल्ह्याला प्रथमच खरेखुरे कळेल आणि कोठे कमी पडतो हे कळल्यावाचून सुधारणेचा आरंभ होत नाही.